स्पिटफायरचं स्टीअरिंग ढिलं झालंय, रॅक नवीन घेऊ की जुनीच बनवून घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९७८ची ट्रायम्फ स्पिटफायर १५००, लेस्टरला असते. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग दोन बोटं हलवलं तरी चाकाला पत्ता नसायचा. गॅरेजवाल्याने रॅकचा (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा दातांचा दांडा) डॅम्पर, म्हणजे त्या दांड्याला मागून दाबून धरणारा गुटका, टाइट करून दिला. मधला प्ले, म्हणजे ती ढिलाई, गेला, पण आता राउंडअबाउटवर वळवलं की स्टीअरिंग आपणहून परत येत नाही, ओढून आणावं लागतं. तर नवीन रॅक घेऊ का जुनी बनवून घेऊ, आणि "काका, तोवर गाडी चालवू का?"

शेवटचं आधी सांगतो. नको चालवूस. ढिल्या स्टीअरिंगची गाडी माणूस जपून चालवतो, सांभाळून घेतो, पण अडकणाऱ्या स्टीअरिंगला सांभाळून घेता येत नाही, ते ऐन वळणात अडकतं.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि गेली २२ वर्षं कॉव्हेंट्रीजवळ जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या स्टीअरिंगचंच काम करतोय. ज्या कॅनलीत १९६२ ते १९८० स्पिटफायर बनली ते इथून हाकेच्या अंतरावर आहे, फॅक्टरी कधीच गेली, पण आमच्या टेबलावर तिच्या रॅक अजून येतात. आणि येणाऱ्या दहातल्या चार तरी रॅकवर आधी कोणीतरी हेच करून ठेवलेलं असतं, डॅम्पर आवळलेला.

आता हे चुकीचं का ते नीट समजून घे, कारण हे एकदा कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. रॅक म्हणजे काय, एक लांब गोल दांडा, त्याच्या एका बाजूला दात, त्या दातांवर स्टीअरिंगच्या दांड्याचा छोटा पिनियन फिरतो. दांड्याच्या पाठीमागून एक गुटका स्प्रिंगने त्याला पिनियनवर दाबून धरतो, तो गुटका म्हणजे डॅम्पर, आणि तो किती दाबायचा ते टोपीखालच्या पातळ शिमा (पत्र्याच्या चकत्या) ठरवतात. तुझं स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेचार फेरे फिरतं. पण माणूस गाडी चालवतो तेव्हा पूर्ण फेरे मारतो कधी? पार्किंगमध्ये, गल्लीत यू-टर्न घेताना. बाकी सगळा जन्म मधल्या पाव फेऱ्यात जातो. म्हणजे दांड्यावरचे मधले दोन-चार दात लाख लाख वेळा घासतात आणि टोकाचे दात ४५ वर्षांनीही फॅक्टरीतून आल्यासारखे कोरे असतात.

मग तू मधली ढिलाई काढायला डॅम्पर आवळलास, तर मधे बरोबर बसलं, पण दांडा सरकून कोरे दात पिनियनखाली आले की तिथे झीजच नाही, तिथे जागाच नाही, मग ते घट्ट होणारच. म्हणून वळणावर अडकतं. डॅम्पर आवळून झीज जात नसते, ती फक्त मधून उचलून टोकाला नेऊन ठेवली जाते.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, माझ्या हातून हेच झालंय. पहिल्या वर्षी एक रॅक मी व्हाइसला मधोमध धरून सेट केली, मधे इतकी छान गुळगुळीत फिरली की स्वतःवरच खूश झालो, गिऱ्हाइकाला दिली, चौथ्या दिवशी बाई परत आल्या, म्हणाल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी वळवली ती सरळच होईना. तेव्हापासून सवय अशी की डॅम्पर जिथे रॅक सगळ्यात घट्ट आहे तिथे सेट करायचा, आणि तसा सेट केल्यावर मधे किती प्ले उरतो तीच त्या दांड्याची झीज. थोडा उरला तर चालतं. हाताला खटखट लागला तर दांडा गेला, विषय संपला.

पण थांब. रॅक काढायला जाऊ नकोस अजून. कारण निम्म्या वेळा रॅक बिचारी निर्दोष असते.

आधी शनिवारी हे कर. गाडी नीट स्टँडवर घे, दोन्ही बाजूचे टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची टोकं) स्टीअरिंग आर्मपासून सोडव. आता स्टीअरिंग फिरव, आता तू फक्त रॅक आणि कॉलम (स्टीअरिंगचा दांडा) फिरवतोयस. मधून टोकाकडे जाताना जड होत गेलं तर गॅरेजवाल्याचा प्रताप. एकसारखं हलकं फिरलं तर रॅकला दोष देऊ नकोस, मग दोन्ही चाकं एकेक करून हाताने उजवी-डावीकडे फिरवून बघ. एखादं चाक चिखलात फिरवल्यासारखं जड लागलं तर तुझा ट्रनियन, म्हणजे चाकाचा खालचा फिरणारा सांधा, सुकलाय. स्टीअरिंग परत न येण्याचं हे दुसरं मोठं कारण आहे आणि ते रॅकपेक्षा जास्त धोक्याचं आहे, त्यावर खाली येतो.

मग प्ले शोधायचा. त्यासाठी टाय रॉड एंड परत जोड, चाकं वरच ठेव. एकाने स्टीअरिंग हळूहळू इकडेतिकडे हलवायचं, जरासंच, आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं. स्पिटफायरचं बॉनेट पुढे सगळंच उलटतं त्यामुळे चाकावर बसून काम करता येतं, इतकी सोय आजच्या गाडीत नाही. कॉलमच्या खाली रबर कपलिंग आहे ते पिळलं जातंय का बघ. त्याचा पिंच बोल्ट ढिला आहे का बघ. कॉलमच्या वरच्या बुशेस नायलॉनच्या असतात, त्या गेल्या की स्टीअरिंग वरखाली डुलतं आणि माणसाला वाटतं रॅक गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॅकचं आख्खं हाउसिंगच उजवी-डावीकडे सरकतंय का ते बघ, कारण ती चॅसिसला यू-बोल्टने रबरांवर धरलेली असते आणि इंजिनातून ठिबकणारं ऑइल पिऊन ती रबरं फुगून लोण्यासारखी होतात. दोन सूत रॅक सरकली तर स्टीअरिंगला दोन बोटं प्ले आलाच, आणि दुरुस्ती म्हणजे दोन रबरं. बरेच जण रबराऐवजी अॅल्युमिनियमचे सॉलिड माउंट टाकतात, स्टीअरिंग एकदम चाकूसारखं होतं हे खरं, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा हातात येतो. रोज चालवायची गाडी असेल तर मी रबरच टाकतो.

चाक ३ आणि ९ वर धरून हललं तर टाय रॉड किंवा रॅक. १२ आणि ६ वर धरून हललं तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांग, ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग, नाही थांबलं तर वरचा बॉल जॉइंट किंवा खालचा ट्रनियन.

तर ट्रनियन. हे मी जरा सविस्तर लिहितो कारण यात माझ्या घरची गोष्ट आहे.

स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन मुळात ट्रायम्फ हेरल्डचं. तीच हेरल्ड १९६१पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनवली, पुढे तिची चार दारांची मार्क थ्री काढली जी फक्त आपल्याकडेच मिळायची. आमच्या वडिलांकडे ती होती. २५ फुटांत वळायची, महाद्वार रोडवर रिक्षावाले बघत राहायचे. वडील गाडीला फार जपायचे, दर महिन्याला गॅरेजला नेऊन सगळे निपल (ग्रीस भरायची तोंडं) ग्रीस करून आणायचे, आणि एका संध्याकाळी घराच्या फाटकात वळवताना पुढचं डावं चाक खालून दुमडलं आणि गाडी गुडघ्यावर बसली. वेग काही नव्हता म्हणून बरं. घाटात झालं असतं तर मी हे लिहायला नसतो, मी मागच्या सीटवर होतो.

तुटलेला तुकडा वडिलांनी कपाटात ठेवला होता, पुढे डिप्लोमा करताना मी तो काढून बघितला. व्हर्टिकल लिंक म्हणजे उभा स्टीलचा दांडा, त्याच्या खालच्या टोकाला आटे, ते आटे पितळी ट्रनियनमध्ये फिरतात, म्हणजे स्टीअरिंग वळवलं की चाक अक्षरशः स्क्रूसारखं फिरतं. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, एक सुलटा एक उलटा, हे बदलताना लक्षात ठेवायचं. तर तो तुकडा आट्यांच्या वरच्या गाळ्यात तुटला होता, आणि तुटलेल्या तोंडावर दोन रंग. अर्धा भाग काळपट तांबूस, गंजलेला, त्यावर भरती-ओहोटीच्या खुणांसारख्या बारीक वळ्या. उरलेला अर्धा चकचकीत राखाडी, दाणेदार. म्हणजे चीर काही त्या संध्याकाळी गेली नव्हती, ती महिनोन्‌महिने थोडी थोडी आत सरकत होती, अर्धा दांडा आधीच गेलेला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर आम्ही जोतिबाला जाऊन आलो होतो.

कारण काय, तर ग्रीस. ट्रनियनला ग्रीस द्यायचंच नसतं, ईपी ९० गिअर ऑइल द्यायचं असतं. ग्रीस आट्यांत वरपर्यंत चढत नाही, सुकतं, वाट बंद करतं, वरच्या आट्यांत पाणी राहतं, गंज चढतो, गंजाच्या खड्ड्यातून चीर सुरू होते. निपल दिसला की ग्रीस मारायचं ही आपल्याकडची सवय, आणि खोटं कशाला बोलू, इथल्या गॅरेजांचीही तीच. तू एक स्वस्त ग्रीस गन घे, तिच्यात ईपी ९० भर, तिच्यावर खडूने 'फक्त ट्रनियन' असं लिही. सीलमधून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत मार. जमीन घाण होते, होऊ दे. गाडी वर्षात कितीही कमी फिरली तरी हे दोनदा तरी करायचं, उभ्या गाडीतसुद्धा पाणी आत शिरतं. उलट रॅकला मात्र ग्रीस, तेही मोजून, प्लग काढून निपल लावायचा आणि चार-पाच दाब, बास, जास्त मारलं तर गेटर (रॅकच्या टोकांवरची घडीची रबरी टोपणं) फुगून फाटतात. एमजीबीची रॅक आली तर परत उलटं, तिच्यात ऑइल असतं. म्हणजे एकाच देशातल्या दोन गाड्या आणि नियम उलटे, काय करणार.

लोटस एलानवालेही हे वाचत असतील तर, तुमच्या पुढच्या चाकालाही हाच ट्रायम्फचा ट्रनियन आहे, स्वतःला वेगळे समजू नका.

आता मूळ प्रश्न, नवीन की जुनी. समजा तपासून झालं आणि दांडाच गेलाय हे नक्की झालं. बाजारात तीन गोष्टी मिळतात आणि तिन्हीला लोक बिनदिक्कत 'रिकंडिशन्ड' म्हणतात. पहिली, उघडून धुतली, ग्रीस भरलं, नवीन गेटर लावले, काळा रंग मारला. ही दुरुस्ती नाही, ही आंघोळ आहे. दुसरी, नवीन बनवलेली पॅटर्न रॅक, म्हणजे मूळ कंपनीची नसलेली नक्कल, बऱ्याचदा ती पूर्ण रीमॅन्युफॅक्चरपेक्षा स्वस्त पडते, काही चांगल्या असतात, काहींचा डॅम्पर नव्या खोक्यातच इतका आवळलेला असतो की विचारू नका. तिसरी, खरंखुरं रीमॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे हाउसिंग तुझंच, पण घासणारा प्रत्येक पृष्ठभाग एक तर नवीन नाही तर मोजून पास केलेला.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो, मग तू कोणालाही काम दे, काय विचारायचं ते तुला कळेल.

रॅक उघडली की दांडा धुऊन दोन व्ही-ब्लॉकवर ठेवायचा आणि मधे डायल लावून फिरवायचा. कर्बला चाक आपटलेली गाडी असेल तर दांडा वाकलेला असतो, डोळ्याला सरळ दिसतो पण सुई सांगते. वाकलेला जुना दांडा मी सरळ करत नाही, फेकतो. मग ट्यूबलाइटखाली दात बघायचे. टोकाचे दात मंद राखाडी, आणि मधे दोन-तीन बोटं रुंद असा आरशासारखा चकाकणारा पट्टा. त्या चकाकीवर नख आडवं फिरवायचं. नुसतं गुळगुळीत लागलं तर ठीक, नख पायरीवर अडकलं तर दांडा भंगारात. नंतर दांडा उलटा करायचा, कारण पाठीवर डॅम्परचा गुटका घासतो तिथेही सपाट पट्टा पडतो आणि तो कोणी बघतच नाही. फाटक्या गेटरमधून पाणी गेलं असेल तर टोकांना गंजाचे खड्डे, ते खड्डे बुश खातात.

दात घासून सारखे करता येतील का, असं खूप जण विचारतात, विशेषतः आपली माणसं, कारण आपल्याला फेकवत नाही. नाही येत. दातांचा वरचा पातळ थरच कडक केलेला असतो, तो घासून काढला तर खाली मऊ लोखंड उघडं पडतं आणि सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट होतं. वेल्डिंग तर स्टीअरिंगच्या कुठल्याही पार्टवर नाही, कधीच नाही. आर्म, दांडा, व्हर्टिकल लिंक, कशावरच नाही. कोणी वेल्ड करून दिलं तर पैसे बुडाले समजून तो पार्ट हातोड्याने तोडून टाक म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाडीत जाणार नाही.

तर नवीन दांडा कापायचा. आणि इथे एक गोष्ट जी मला शिकायला फार वेळ लागला. नमुना म्हणून जुना दांडा गिअर कटरकडे दिला तर तो प्रामाणिकपणे झिजलेल्या दातांची कॉपी करून देतो! माप नेहमी टोकाच्या कोऱ्या दातांवरून घ्यायचं. जुनं ब्रिटिश काम असलं की आधी डायमेट्रल पिच (दातांचं इंची माप) धरून हिशोब लावायचा, मॉड्यूलमध्ये (मेट्रिक मापात) बसवायला गेलं की जवळपास बसतं, आणि जवळपास बसणं हेच घातक. पिनियनचे दात तिरके असतात तो कोन वेगळा मोजायचा. पुण्या-कोल्हापुरात हे काम करू शकणारे लोक आहेत, हातात कला आहे, फक्त त्यांना माप नीट द्यायला पाहिजे. जुनी हेरल्ड सांभाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

दांडा कापला की इंडक्शनने दात कडक करायचे, आणि दात एकाच बाजूला असल्यामुळे दांडा केळ्यासारखा वाकतो, दर वेळी. तो प्रेसखाली सरळ करायचा, हे जुन्या वाकलेल्या दांड्यासारखं नाही, कारण इथे तो का आणि किती वाकला ते आपल्याला माहीत असतं, आणि सरळ केल्यावर मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट, म्हणजे दांडा चुंबकित करून त्यावर लोखंडाच्या बारीक कणांचं पाणी ओतायचं आणि यूव्ही दिव्याखाली बघायचं, चीर असेल तर तिथे कण गोळा होऊन हिरवी रेघ चमकते. ही टेस्ट झाली का हे विचार. "कशाला लागते" असं उत्तर आलं तर फोन ठेव.

पिनियनचं लोक विसरतात. मधल्या थोड्या फिरण्यातही त्याचे ठरावीक दातच मार खातात. नवीन दांड्यावर जुना झिजलेला पिनियन लावला तर तो नवीन दांडा बिघडवतो, सायकलच्या जुन्या फ्रीव्हीलवर नवी चेन टाकल्यासारखं. आम्ही जोडीच बदलतो.

मग पिनियनपासून लांबच्या टोकाची बुश, ती गेली की खड्ड्यातून जाताना ठकठक येते आणि लोक शॉक अॅब्सॉर्बर बदलत बसतात. आतले बॉल जॉइंट शिमांनी बसवायचे, टाय रॉड हाताने उचलून सोडला तर तो धपकन पडू नये आणि अडकूनही राहू नये, हळूहळू खाली यावा. डॅम्पर बसवताना आधी स्प्रिंग न घालता टोपी हाताला लागेपर्यंत आवळायची, टोपीखालची फट फीलर गेजने मोजायची, त्यात ४ थाउ (इंचाचे हजारावे भाग) मिळवायचे आणि तेवढ्या शिमा घालायच्या. मग रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची, डोळे मिटून. मी खरंच मिटतो. कुठे कण लागला, कुठे जड झाली, ते हाताला डोळ्याआधी कळतं.

गेटरबद्दल एकच, हल्ली मिळणारं रबर भिकार आहे, दोन वर्षांत चिरा पडतात. दर सर्व्हिसला गेटर ताणून घड्या उघडून बघ. एवढ्याशा रबरापायी आख्खी रॅक गेलेली मी शेकड्याने बघितलीत.

माझं मत विचारशील तर, तुझं हाउसिंग सरळ असेल, आटे धड असतील, तर जुनीच बनवून घे, पण बदललेल्या पार्टांची यादी आणि जुना दांडा परत माग. जुना दांडा द्यायला कां-कूं करणारा माणूस बहुतेक तोच दांडा परत बसवतो. एक्सचेंजवर दुसऱ्याची रॅक घेणार असशील तर पेटी उघडल्या उघडल्या, गाडीत बसवायच्या आधी, मधे आणि दोन्ही टोकांना हाताने फिरवून बघ.

आता बसवणं. जुनी काढायच्या आधी टाय रॉड एंडचे आटे मोज, लिहून ठेव. नवी रॅक बरोबर मध्यावर आणून मगच कॉलम जोड, दोन्ही बाजूचे रॉड सारख्या लांबीचे ठेव. स्टीअरिंग व्हील वाकडं दिसलं तर ते स्प्लाइनवर (दांड्यावरच्या खाचांवर) काढून सरळ करायचं, एक रॉड लांब एक आखूड करून नाही, नाहीतर एका बाजूला गाडी कमी वळते आणि रॅक एका बाजूने घासायला लागते. मग लगेच टो-इन (पुढच्या चाकांची एकमेकांकडची दिशा) करून घे, त्याच दिवशी.

आणि एक. या देशात ४० वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८पासून एमओटी (गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी) माफ आहे, तुझी गाडी त्यात बसते. बरेच जण याला सूट म्हणून खूश होतात. मला विचारशील तर वर्षातून एकदा चाकं हलवून बघणारा जो एक तिऱ्हाईत माणूस होता तो गेला. तू मुद्दाम पैसे भरून एमओटी करून घे, माफ असली तरी करता येते, आणि टेस्टरला सांग की ट्रनियन नीट बघ.

तर आता शनिवारी टाय रॉड एंड सोडवून बघ, मधे आणि टोकाला काय फरक लागतो तो लिहून कळव, आणि ट्रनियनमधून काय बाहेर येतंय त्याचा फोटो पाठव, ऑइल की काळं ग्रीस. काळं ग्रीस आलं तर रॅकचं नंतर बघू, आधी दोन्ही व्हर्टिकल लिंक काढून टेस्टला पाठवायच्या.